आमच्या भजनी मंडळाचं खरं साल कोणतं? वहीतल्या तांग्यांवरून, म्हणजे जुन्या पैशांवरून, काही कळेल का?

अबोली, फोंडा तालुका

नमस्कार. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वाड्यावरचं भजनी मंडळ २०२७ साली अमृतमहोत्सव करणार आहे. समितीने स्मरणिकेतला मंडळाचा इतिहास माझ्याकडे सोपवला, कारण एकच, मी मराठीची बाई. मी आनंदाने हो म्हटलं. आता महिनाभर अडकून बसले आहे.

देवळाच्या चौकात मंडळाचा फलक आहे, त्यावर ‘स्थापना १९५२’ असं रंगवलेलं आहे. हे साल कुठून आलं ते मी शोधलं. आमची जुनी पेटी अजून आहे. भाता फाटलेला, दोन सूर मुके. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने १९५२ लिहिलंय, आणि पुढे कधीतरी फलक रंगवणाऱ्याने तेच उचललं. म्हणजे ते पेटीचं साल. मंडळाचं कोणी लिहूनच ठेवलेलं नाही.

दुसरी वस्तू म्हणजे हिशेबाची वही. माझे बाबा गेल्या वर्षी वारले, त्यानंतर त्यांच्या ट्रंकेत ती सापडली. श्रावणातल्या शुद्ध एकादशीला आमच्याकडे अखंड भजन असतं, एकादशीच्या सकाळपासून द्वादशीच्या सकाळपर्यंत, चोवीस तास. त्या भजनाचा खर्च वहीत आहे. दर वर्षाला एक जोडपान, वर तिथी, खाली खर्च, शेवटी कोण कोण गायलं ते. साल मात्र कुठेच नाही, ना इंग्रजी ना शके. पहिली काही पानं फाटून गेलीत.

खर्च बघताना पैशांचा हिशेब बदलत जातो. सुरुवातीच्या जोडपानांवर रुपये आणि तांगे आहेत. ‘पखवाजाची पुडी ३ रु. ८ तां.’, ‘रॉकेल’, ‘मेंटल’, ‘नारळ ३०’. मग तीन जोडपानांवर एस्कुद येतात. त्यानंतर रुपये आणि ‘न. पै.’. माझा जन्म गोव्याच्या मुक्तीनंतर बराच उशिराचा, त्यामुळे हे बदल नेमके कधी झाले ते मला माहीत नाही. यावरून साल काढता येईल का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त जवळचा आहे.

प्रत्येक जोडपानाच्या शेवटी गाणाऱ्यांची नावं आहेत. बुवा असतील तर त्यांचं नाव, पेटीवाल्याचं, पखवाजवाल्याचं. त्याच्यापुढे दर वर्षी, न चुकता, ‘व इतर मंडळी’. माझे बाबा चाळीस वर्षांहून जास्त त्या ‘इतर मंडळी’त होते. झांज वाजवायचे आणि मागे म्हणायचे. आमच्याकडे कोकणीत त्यांना ‘फाटल्यान म्हणपी’ म्हणतात. बाबांनी आयुष्यात एकदाही एकट्याने अभंग धरला नाही. पण बुवांना कडव्याचा शब्द आठवला नाही की मागून शब्द यायचा तो बाबांचा. लहानपणी मी त्यांच्या मागे गोणपाटावर झोपायचे, तेव्हा झांजेचा आवाज पाठीतून यायचा. उजव्या हाताच्या तर्जनीवर दोरीचा घट्टा पडलेला होता. शेवटच्या आजारपणात हात मऊ पडले तरी तो तसाच होता.

बुवांवर लिहायला माहिती आहे, बक्षिसांचे फोटो आहेत. मागे म्हणणाऱ्यांचं काहीच नाही. वाड्यावरची चाळीस-पन्नास घरं, जवळपास प्रत्येक घरातला एकतरी माणूस त्या ओळीत बसलेला. त्यांची नावं मी कुठून आणू? कोणी असं काम केलं असेल तर सांगा. कसं विचारायचं, कुठे शोधायचं, काहीही चालेल.

---

डिचोलीचा पखवाजी

बाई, तुमच्या वहीला साल नाही असं समजू नका. ते पैशात लिहिलेलं आहे.

पोर्तुगीज अमलात इथे रुपया होता, त्याचे सोळा तांगे. १९५९ पासून एस्कुद आला, रुपयाला सहा एस्कुद या भावाने. आमच्या घरात आजी मरेपर्यंत सहाच्या पाढ्याने हिशेब करायची. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली भारतीय रुपया चालू झाला. त्या वेळी भारतात नये पैसे म्हणायचे. १९६४च्या जूनपासून ‘नये’ गेलं, नुसता पैसा राहिला. लिहिणारे सवयीने पुढेही न. पै. लिहीत, त्यामुळे त्या टोकावर फार भरवसा ठेवू नका. एस्कुदाच्या टोकावर ठेवा.

श्रावण इंग्रजी ऑगस्टच्या आसपास येतो. म्हणजे एस्कुदातले श्रावण तीनच: १९५९, १९६० आणि १९६१. तुम्ही तीन जोडपानं म्हणता, ती बरोबर बसतात. याचा अर्थ तुमच्या मंडळाने त्या तीन वर्षांत एकही एकादशी चुकवली नाही. आता त्याच्या आधीची रुपये-तांग्यांची जोडपानं मोजा. शेवटचं १९५८. तिथून मागे एकेक वर्ष.

मधलं एखादं पान गळलं असेल तर हिशेब चुकेल. म्हणून आणखी एक ताळा घ्या. तिथीच्या आधी कुठे ‘निज’ किंवा नुसतं ‘नि.’ लिहिलंय का ते भिंगाने बघा. अधिक श्रावण आला की उत्सव त्याच्यानंतरच्या निज, म्हणजे खऱ्या, श्रावणात होतात, आणि हिशेब लिहिणारा माणूस ते हटकून लिहितो. अधिक श्रावण १९४७ ला होता आणि १९५८ ला होता, मध्ये नाही. त्या दोन जागी ‘निज’ सापडलं आणि मधली पानं पुरी भरली, तर तुमची वही कोर्टातसुद्धा उभी राहील.

अजून एक. भजनाला देवस्थानाच्या फंडातून काही मिळत असेल, तर १९३३च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजनांचे हिशेब आणि अंदाजपत्रकं मामलेदाराकडे जातात. तिथे अर्ज करून बघा. जुने कागद पोर्तुगीजमध्ये असतील, काही देवळांचे मोडी लिपीत. दोन्ही वाचणारी माणसं अजून आहेत. आणि छापील आमंत्रणपत्रिका सापडली तर तिच्यावर सेन्सॉरचा शिक्का आहे का बघा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात इथे छापायचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा, आणि मंजूर झाल्याची खूण कागदावर राहायची.

पेटी १९५२ची म्हणता ते पटतं. १९५५ नंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, त्या काळात मुंबईहून किंवा बेळगावहून वाद्य आणणं जिकिरीचं होतं. ज्यांच्याकडे पेटी आली त्यांच्याकडे एकतर त्याच्या आधी आली किंवा मुक्तीनंतर. त्याच्या आधी तुमच्याकडे काय होतं? आमच्याकडे नुसता पखवाज, झांजा आणि एक वीणा. सूर बुवांच्या गळ्यातून घ्यायचा. पेटीला लोक मंडळाचा जन्म समजतात, कारण पेटी विकत घ्यावी लागते आणि तिची पावती असते. गळ्याची पावती नसते.

---

वास्कोकर

फलकावर १९५२ आहे तर राहू दे असं माझं मत. पंच्याहत्तरीची तयारी झाली आहे, लोक वर्गणी देतायत, मध्येच साल बदललं तर वाद वाढतील. आमच्या दामोदर सप्ताहाचंच बघा. प्लेगची साथ, जांबावलीहून आणलेलं श्रीफळ आणि तेव्हापासूनचं अखंड भजन, ही हकीकत वास्कोतलं शाळकरी पोर सांगेल. एकोणिसावं शतक संपता संपता ते सुरू झालं. लोकांना हकीकत लागते, साल नंतर.

बाकी तुमचा दुसरा प्रश्न मनाला लागला. सप्ताहात चोवीस तास भजन चालतं, एका मंडळाने सोडलं की दुसऱ्याने धरायचं. पहाटे देवळात गेलात तर बुवा झोपलेले असतात आणि मागचेच गजर चालू ठेवतात.

---

पेडण्याची भजनी

अबोलीताई, मी आमच्या गावच्या महिला भजनी मंडळात पंधरा वर्षं गाते. तीन वर्षांपूर्वी मी गावातल्या गाणाऱ्यांची यादी केली, त्यातून शिकले ते सांगते.

“मंडळात कोण कोण होतं?” असं विचारू नका. असं विचारलं की म्हातारी माणसं मोठ्यांचीच नावं सांगतात. तीन बुवा, दोन पेटीवाले, संपलं. मला वाटलं होतं ती विसरली आहेत. विसरलेली नव्हती. प्रश्न ऐकून त्यांना वाटतं की आपल्याला मान्यवर विचारतायत.

मी मग विचारलं, “रात्री दोन ते चारची पाळी कोण धरायचं?” आणि नावं पावसासारखी आली. त्या पाळीला कोणी स्वखुशीने बसत नाही. त्यामुळे बसणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या ध्यानात राहतं. कोण डुलक्या घ्यायचा, कोण त्याच्या गुडघ्यावर झांज आपटायचा, कोण शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी यायचा. नंतर विचारलं, “त्यांना चहा कोण करायचं?” तिथे बायका आल्या.

आमच्या गावात पूर्वी बायका चौकात बसून गायच्या नाहीत. पण त्या गात होत्या. रांधपघरात, चहाच्या भांड्याजवळ, पुरुषांच्या मागोमाग. आज आमच्यातल्या सत्तरीच्या बायकांना ज्या चाली येतात त्या कोणी शिकवलेल्या नाहीत, भिंतीपलीकडून घेतलेल्या आहेत. माझी सासू त्यांतली. मंडळ काढलं तेव्हा पहिला पेच पट्टीचा आला. पुरुष काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गायचे, आम्हाला ती झेपेना. वर जावं तर आवाज फाटतो, खाली यावं तर घोगरा होतो. शेवटी आमची पट्टी आम्ही शोधली, पखवाज त्या सुराला लावून घेतला, आणि सासूने पहिल्यांदा चौकात बसून गौळण म्हटली. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती.

तुमच्या इतिहासात रांधपघर विसरू नका, एवढीच विनंती.

आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेत तुमचं मंडळ कधी उतरलं असेल तर तेव्हाचे कागद शोधा. मंडळात कितीजण बसले, कोण काय वाजवत होतं, याची यादी प्रवेशअर्जाला जोडावी लागते. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या कपाटात तिची प्रत सापडते. आम्हाला तशीच एक मिळाली, टाळकऱ्यांच्या नावांसकट.

---

मडगावचा व्हायोलिनवाला

मी संगीत शिकवतो. थोडं वेगळं सांगतो.

माझे व्हायोलिनचे पहिले धडे सासष्टीतल्या एका चर्चच्या मेस्तांकडे, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या गुरुजींकडे, झाले. चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना सोल्फेज शिकवलं गेलं, म्हणजे कागद बघून सूर गाणं. त्यामुळे तिथल्या कोयरचा, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचा, इतिहास कागदात सापडतो. कुठल्या सणाला काय गायलं, कुठला आवाज कोणी गायला, पुष्कळदा पानाच्या कोपऱ्यात नावासकट. १९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडून कोकणी पुढे आली, तो बदलसुद्धा त्या कागदांच्या थप्पीत दिसतो. वरचे कागद कोकणी, खालचे लॅटिन.

भजनी मंडळाकडे ते नाही. आपल्याकडे शब्द गाथेत असतात, चाल माणसात. माणूस गेला की चाल जाते आणि कोणाला कळतही नाही, कारण शब्द तर जागेवरच असतात. म्हणून स्मरणिकेसाठी नावं गोळा करताना चालीही गोळा करा. एकेका अभंगाची तुमच्या वाड्याची चाल एकाला सावकाश म्हणायला लावा, पेटीवर सूर धरून, पट्टी सांगून. मग ती सरगममध्ये लिहा. बुवांना नका बसवू. बुवा दर वेळी नवी जागा घेतात, तो त्यांचा गुण आहे. मागे म्हणणारा चाळीस वर्षं तीच चाल तशीच म्हणतो. चालीचा खरा धनी तो.

जुन्या कॅसेट असतील तर लगेच वाजवू नका. आत पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटी खराब करते. आधी वरच्या कडेच्या दोन टिकल्या तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग जाणकाराकडून साफ करून एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर वेव्ह स्वरूपात घ्या. एमपीथ्री मागाहून कितीही करता येते.

आणि पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दिवस घाला. ‘गोमन्तक’ दैनिक १९६२ पासूनचं आहे. श्रावणातले अंक काढा, गावोगावच्या अखंड भजनांच्या बातम्या असतात.

---

अबोली, फोंडा तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण हातात काही आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पखवाजीकाका, रुपये-तांग्यांची जोडपानं बारा भरली. १९५८ पासून मागे मोजलं तर पहिलं १९४७चं येतं. भिंग घेतलं, शाळेतल्या मुलांचंच. पहिल्या शिल्लक पानावर डागाखाली ‘नि. श्रा. शु. ११’ आहे. बाराव्यावर स्वच्छ अक्षरात ‘निज श्रावण’. मधल्या एकाही पानावर नाही. मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

ती एकादशी म्हणजे १९४७च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. सीमेपलीकडे देश स्वतंत्र होऊन पंधरवडाही उलटला नव्हता. त्या पानावर तेल, रॉकेल, साखर, नारळ आणि ‘व इतर मंडळी’ एवढंच आहे. आणि त्याच्याआधीची पानं फाटलेली, म्हणजे आमची माणसं त्याहीआधीपासून गात होती. १९५२च्या पानावर पेटी मुंबईहून आणल्याचा खर्च आहे. पाच वर्षं तरी मंडळ पेटीशिवाय गायलं.

समितीत मी वही ठेवली. वास्कोकरांना वाटलं तसा वाद झाला, पण थोडाच. कार्यक्रम २०२७लाच होईल, फलक तसाच राहील, आणि त्याच्याखाली ‘पेटी आणली ते साल’ असं रंगवायचं ठरलं. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो स्मरणिकेच्या पहिल्या पानावर.

मग पेडण्याच्या ताईंचा प्रश्न घेऊन मी आमच्या जुन्या पखवाजवाल्या आजोबांकडे गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. दोन ते चारची पाळी कोण धरायचं, असं कानाशी ओरडून विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि चौकात कोण कुठे बसायचं ते बोटाने दाखवत नावं सांगायला लागले. खांबाजवळ हा, त्याच्या डावीकडे तो. एका बसणीत चौदा नावं. त्यातली तीन घरं आता बंद आहेत. चहा कोण करायचं म्हटल्यावर म्हणाले, “तुजी आजी. आनी ती गायताली. आमी चुकले जाल्यार भितरल्यान खाकरताली.” आम्ही चुकलो की आजी आतून खाकरायची. हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं. मागून शब्द द्यायची बाबांची सवय कुठून आली तेही त्या दिवशी कळलं.

एस्कुदाच्या पहिल्या जोडपानावर एक ओळ आहे, ‘नवी झांज जोडी १ व दोरी’. आधी मी ती वाचून पुढे गेले होते. आजोबा म्हणाले ती बाबांसाठी आणलेली. चौदा वर्षांचे होते, मागच्या ओळीत जागा झाली म्हणून बसवलं. तीच जोडी अजून आमच्या देवघरात आहे, एका झांजेला कडेला चीर गेलेली.

येत्या रविवारी दुपारी आजोबांकडे पेटी घेऊन जातेय, चाली लिहायला. ते झांजेवर ठेका धरतील, मी म्हणेन आणि चुकले तर ते थांबवतील, असं ठरलंय. मडगावच्या सरांना एक विचारायचं आहे. अभंगाची चाल मी सरगममध्ये लिहू शकते, पण गजराची लय हळूहळू वाढत जाते आणि आमच्याकडे ती बुवा वाढवत नाहीत, झांजा वाढवतात. ते कागदावर कसं लिहायचं?